न मानणाऱ्या वाचकासाठी

चार वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. नात्यातल्या एका काकूंवर. काकूंची अष्टमी-चतुर्दशी कधी चुकली नाही. दशलक्षणात दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहायच्या, तेही दिवसातून एकदा. सूर्य मावळल्यावर घशाखाली थेंब उतरायचा नाही. आणि ह्याच काकू सुनेनं किती भाकऱ्या खाल्ल्या ते मोजायच्या. तेलाच्या काचेच्या बरणीवर बाहेरून काजळाची बारीक रेघ ओढून ठेवायच्या, आपण देवळात गेल्यावर तेल किती उतरलं ते कळावं म्हणून. कथेत एवढंच होतं.

ती मी आधी समाजाच्या एका मासिकाला पाठवली. महिन्याभरात परत आली. सोबत चिठ्ठी होती, की अशा लिखाणानं व्रतस्थ बायकांची टिंगल होते आणि समाजाची बदनामी होते. मग मी ती एका शहरी मासिकाला पाठवली. तिथून फोन आला. संपादक फार नम्रपणे म्हणाले, "बाई, कथा छान आहे. फक्त ते तिथी, उपास, पारणं वगैरे कमी करता येईल का? आमच्या वाचकाला त्यात रस नसतो. सासू-सुनेची गोष्ट म्हणून छापू या की."

मी कथा कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. एकाला कथेतल्या धर्मापायी भीती वाटली, दुसऱ्याला कंटाळा आला. मला मात्र त्या काकूंमधून उपास काढून टाकणं जमेना. उपास काढला तर काकू उरतच नाहीत, नुसती एक खाष्ट सासू उरते. तशा मराठी कथांत पैशाला पासरी आहेत.

धाकटी मुलगी दिवाळीला आली तेव्हा तिच्यापाशी मी हे रडगाणं गायले. ती इंग्रजी वाङ्मय शिकलेली. पुढच्या खेपेला येताना तिनं तीन लेखकांची पुस्तकं आणली आणि म्हणाली, "आई, हे तिघंही कॅथलिक आहेत. तुझंच दुखणं ह्यांना होतं. वाचून बघ." मीही बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण तीस वर्षं किराणा मालाच्या यादीपलीकडे लिहायचा प्रसंग फार आला नव्हता. डिक्शनरी मांडीवर घेऊन वर्षभर वाचत बसले. त्या वाचनाबद्दल हा लेख.

तिघांची नावं आधी सांगते. इंग्लंडचे ग्रॅहम ग्रीन. जपानचे शुसाकु एन्डो. आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली फ्लॅनरी ओ'कॉनर. तिघंही विसाव्या शतकातले. तिघांनाही असा वाचक मिळाला, ज्याला त्यांचा धर्म परका तरी होता किंवा एकूण धर्म ही चीजच जुनाट वाटत होती. ग्रीनच्या काळी इंग्लंडमधल्या शिकलेल्या वर्गात देवाचं नाव काढणं थोडं गावंढळ समजलं जायचं. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं शेकडा एकाच्या आसपास. जॉर्जियात धर्म उदंड, पण तो प्रॉटेस्टंट पंथांचा. कॅथलिक तिथं मूठभर, आणि ओ'कॉनरच्या कथा जे वाचायचे ते न्यूयॉर्कचे लोक बहुतेक काहीच न मानणारे. आणि दुसरीकडे तिघांच्याही पाठीशी त्यांचा स्वतःचा समाज उभा, "आपल्याबद्दल चांगलं लिहा" म्हणणारा. म्हणजे माझ्या दोन्ही संपादकांसारखेच दोन वाचक त्यांनाही होते.

ग्रीन जन्मानं कॅथलिक नव्हते. 1926 साली, लग्नाआधी, त्यांनी तो धर्म स्वीकारला. 1938 मध्ये ते मेक्सिकोत गेले. तिथल्या तबास्को प्रांतात सरकारनं चर्च बंद पाडली होती, पाद्र्यांना लग्न करण्याची सक्ती केली होती. त्यावरची त्यांची 'द पॉवर अँड द ग्लोरी' ही कादंबरी 1940 मध्ये आली. सरकार धर्म चिरडतंय आणि एक शेवटचा पाद्री लपतछपत फिरतोय, म्हटल्यावर आपल्याला काय वाटेल? पाद्री संत असणार, पोलीस राक्षस असणार. ग्रीन नेमकं उलटं करतात. पाद्री दारुडा आहे, भित्रा आहे, एका बाईपासून त्याला मूल झालेलं आहे. कादंबरीभर त्याला नावसुद्धा नाही. त्याच्या मागावर असलेला लेफ्टनंट देव न मानणारा, पण सचोटीचा, गरिबांच्या मुलांबद्दल खरा कळवळा असलेला. पाद्री त्याला तोंडावर भला माणूस म्हणतो, आणि वाचकालाही ते पटतं.

ह्या कादंबरीत आपल्यासारख्या बायकांनी जरूर वाचावेत असे दोन धागे आहेत. एक आई आपल्या मुलांना रोज एका हुतात्म्याची पोथी वाचून दाखवते. त्या पोथीतला हुवान लहानपणापासून सद्गुणी, आज्ञाधारक, मरतानाही गोड. मुली ऐकतात. मुलगा कंटाळतो. त्याला रस्त्यावरून जाणाऱ्या लेफ्टनंटचं पिस्तूल जास्त आवडतं. आपल्या पाठशाळेत पेंगणारी पोरं मला डोळ्यांपुढे आली. गंमत अशी की त्या पोथीच्या भोवती ग्रीन दुसरी गोष्ट सांगत आहेत, त्या घाणेरड्या, थरथरत्या पाद्र्याची. तो सरहद्दीपलीकडे सुटू शकत असतो. पण मरणाऱ्या एका गुन्हेगाराला शेवटचा संस्कार द्यायला, सापळा आहे हे ओळखूनही, परत फिरतो आणि पकडला जातो. त्याला गोळ्या घातल्यावर तोच मुलगा बदलतो. त्याच पिस्तुलावर थुंकतो, आणि रात्री दारात नवा पाद्री येऊन उभा राहतो तेव्हा त्याला घरात घेतो. पोथीनं जे झालं नाही ते ह्या मोडक्या माणसाच्या मरणानं झालं. हा एका कादंबरीकारानं सगळ्या धार्मिक मासिकांना दिलेला जबाब आहे, असं मला वाटतं.

दुसरा धागा तुरुंगातल्या रात्रीचा. काळोखी कोंडलेली खोली, माणसावर माणूस, घाण. पाद्री तिथं दारू बाळगल्याबद्दल आत आलेला. आपण पाद्री आहोत हे तो सांगून टाकतो. त्याच्यावर बक्षीस लागलेलं असूनही त्या चोराचिलटांतलं कुणी त्याचं नाव फोडत नाही. त्याच खोलीत एक धर्मशील बाई आहे. घरात धार्मिक पुस्तकं सापडली म्हणून ती आत. तिला अंधारातल्या एका जोडप्याची किळस आलेली असते आणि पाद्र्यानं त्यांना दटावावं असा तिचा हट्ट. तो दटावत नाही. ती चिडून म्हणते, की मी बिशपकडे तुमची तक्रार करीन. मला हसू आलं आणि काटाही आला. कारण पुढे खरंच तसं झालं. रोममध्ये ह्या कादंबरीवर आक्षेप निघाला आणि 1954 मध्ये लंडनच्या कार्डिनलनी ग्रीनना बोलावून ते पत्र वाचून दाखवलं. फेरफार करावेत अशी अपेक्षा होती. हक्क प्रकाशकांकडे आहेत, असं सांगून ग्रीननी ते टाळलं. ती तुरुंगातली बाई जणू कादंबरीबाहेर येऊन तक्रार करून आली! पुढे पोप सहावे पॉल ह्यांनी भेटीत ग्रीनना आक्षेपांकडे लक्ष देऊ नका असं सांगितलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आता जपान. एन्डो 1923 साली जन्मले. आई कॅथलिक झालेली. तिच्या इच्छेखातर अकरा-बारा वर्षांच्या ह्या पोराचाही बाप्तिस्मा झाला. आईनं अंगावर चढवलेला हा पाश्चात्त्य सूट आपल्याला कधी नीट बसला नाही, पण आईनं दिलेला म्हणून फेकताही आला नाही, अशा अर्थाचं ते सांगायचे. तो उसवून आपल्या मापाचा करत राहणं हेच त्यांचं लेखन. ज्यांचा धर्म घरातून, आईच्या पदरातून आला, त्या कुणालाही हा सूट ओळखीचा वाटेल.

त्यांची 'सायलेन्स' ही कादंबरी 1966 ची. मार्टिन स्कोर्सेझींनी 2016 मध्ये तिच्यावर सिनेमाही काढला. काळ सतराव्या शतकाचा. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी. रॉड्रिग्ज नावाचा तरुण पोर्तुगीज जेझुइट आपल्या हरवलेल्या गुरूच्या शोधात निघतो, आणि गोव्यावरून मकावमार्गे जपानला पोचतो. गोव्याचा उल्लेख आला तशी मी थबकले. त्याच्या थोडंच आधी गोव्यातल्या राशोल इथं फादर थॉमस स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराण' छापलं होतं, 1616 मध्ये. ते मराठी ओवीत आहे. परका धर्म आपल्या ऐकणाऱ्याच्या लयीत उतरवायचा हा प्रयत्न आपल्या भाषेत चारशे वर्षांपूर्वीचा. पण स्टीफन्सना नव्या ख्रिस्ती झालेल्यांना शिकवायचं होतं. एन्डोंना शिकवायचं काहीच नाही. त्यांच्यापाशी फक्त एक प्रश्न आहे.

जपानी अधिकारी लोकांना 'फुमिए' तुडवायला लावत. येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर पाय द्यायचा. दिला तर सुटका. रॉड्रिग्ज स्वतः मरायला तयार आहे. पण अधिकारी हुशार. ते त्याला मारत नाहीत. गरीब शेतकऱ्यांना खड्ड्यावर उलटं टांगतात आणि सांगतात, तू पाय दे, ह्यांना सोडतो. आता धर्म कशात? प्रतिमा जपण्यात, की त्या कण्हणाऱ्या माणसांना वाचवण्यात? तो पाय देतो. त्याला त्या झिजलेल्या चेहऱ्यातूनच परवानगी मिळाल्यासारखी वाटते. नागासाकीकडच्या काही कॅथलिकांना हे मुळीच रुचलं नाही, आणि मला त्यांचाही राग येत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पाय न देता मरण घेतलं, त्यांना हे वाचून काय झालं असेल?

पण मला रॉड्रिग्जपेक्षा किचिजिरो जास्त आठवतो. हा भेकड माणूस दर वेळी पाय देतो, दर वेळी दगा देतो आणि दर वेळी रांगत परत येतो, कुमसार करायला. (आमच्या गोवेकर शेजारीण पाद्र्यापुढे पाप कबूल करण्याला हाच शब्द वापरतात.) त्याची किळस येते. तो विचारतो ते थोडक्यात असं, की मी दुबळा जन्मलो, सोप्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला भाविक म्हणून मेलो असतो, ह्यात माझा काय दोष? मी पुस्तक मिटून बसले. आपण सगळ्याजणी सोप्या काळातल्या भाविक नाही का?

तिसरी ओ'कॉनर. हिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हिनं मला सरळ पकडलं. जन्म 1925, मृत्यू 1964. अवघी एकोणचाळीस वर्षं. वडील ल्युपस नावाच्या दुखण्यानं गेले, तेच दुखणं हिला पंचविशीत लागलं. शिकून, बाहेर राहून आलेली मुलगी परत आईच्या शेतावर आली आणि तिथंच राहिली. कुबड्या घेऊन चालायची, मोर पाळायची, सकाळचे काही तास लिहायची. लग्न नाही, प्रवास थोडा. आईशी पटायचं आणि खटकायचंही. म्हणजे घरातच आयुष्य गेलेली बाई. 'घरात बसून काय लिहिणार?' असं जिला कुणी म्हणतं, तिनं हिच्याकडे बघावं.

तिच्या कथांत कॅथलिक माणसं फार क्वचित भेटतात. ती आपल्या आजूबाजूच्या बायका लिहिते. शेतमालकिणी, विधवा आया, पुस्तकी पोरं, बायबल विकणारे भामटे. धर्मावर बोलणारी पात्रं तिच्याकडे बहुधा फसवी किंवा स्वतःवर खूश असतात. 1964 मध्ये, तिच्या मरणाच्या वर्षी, 'रेव्हेलेशन' ही कथा प्रसिद्ध झाली. ती सांगते.

मिसेस टर्पिन ही जाडजूड, नीटनेटकी, सुखवस्तू शेतकरीण. नवऱ्याच्या पायाला गाईनं लाथ मारली म्हणून त्याला घेऊन डॉक्टरकडे आली आहे. खोली लहान, खुर्च्या भरलेल्या. बसल्या बसल्या ती सगळ्यांचे पाय बघते. कुणाच्या पायात काय आहे त्यावरून कोण कुठल्या पायरीचं ते ठरवते. ही चांगल्या घरची. ही भिकार गोरी. रात्री झोप नाही आली की माणसांच्या उतरंडी लावत बसायची तिची सवयच आहे. वर कोण, खाली कोण, आपण कुठे. तोंडानं ती गोडच बोलते. आणि मनातून सारखी येशूचे आभार मानते, की तू मला ह्यांच्यासारखं केलं नाहीस. समोर एक मुरमांनी भरलेल्या चेहऱ्याची कॉलेजातली मुलगी पुस्तक वाचत बसलेली, हिच्याकडे रोखून बघणारी. मिसेस टर्पिन आनंदानं उचंबळून येऊन मोठ्यानं देवाचे आभार मानते, आणि त्याच क्षणी ते जाडजूड पुस्तक तिच्या डोळ्याच्या वर येऊन आदळतं. मुलगी तिचा गळा धरते. सगळे तिला खाली दाबतात. आणि ती मुलगी ह्या बाईला नरकातल्या डुकराची उपमा देते.

लोक म्हणतात, मुलगी वेडी आहे. पण मिसेस टर्पिनला आतून कळलेलं असतं, की हा निरोप आपल्यालाच आहे. इतक्या जणांत मलाच का? मी चर्चला मदत करते, गरिबांना देते, घर स्वच्छ ठेवते. संध्याकाळी ती डुकरांच्या गोठ्यात पाण्याची नळी हातात घेऊन उभी राहते आणि देवाशीच भांडते. मग मावळतीच्या उजेडात तिला एक दृश्य दिसतं. माणसांची लांबच लांब रांग आकाशाकडे चालली आहे. पुढे सगळे तिनं खालच्या पायरीवर ठेवलेले, नाचत, ओरडत. आणि अगदी शेवटी तिच्यासारखी शिस्तीची, सुरात गाणारी माणसं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का, कारण त्यांचे सद्गुणसुद्धा जळून चालले आहेत.

इथं मला थांबावं लागलं. आपल्याकडे कृपा करणारा देव नाही. तीर्थंकर कुणाला तारत नाहीत, वाट दाखवतात. कर्म ज्याचं त्यानं बांधायचं आणि ज्याचं त्यानंच झाडायचं. मग आकाशातून असा निरोप पाठवतो कोण? कॅथलिक माणूस ज्याला कृपा म्हणतो ती मी मानत नाही. म्हणजे ओ'कॉनरच्या लेखी मी, रोज बस्तीत जाणारी बाई, तिच्या त्या न मानणाऱ्या वाचकांतलीच एक! हे ध्यानात आलं तेव्हा मी चकित झाले. मी आयुष्यभर समजत होते, की धर्म मानणारे एकीकडे आणि न मानणारे दुसरीकडे. इथं मी पलीकडच्या बाकावर बसले होते. आणि तिथं बसूनही ते पुस्तक माझ्या कपाळावर नेमकं बसलं. मला कृपा कळली नाही. मान कषाय कळला. चांगल्या वागण्याचाच मान चढतो, आणि तो बाकीच्या सगळ्या मानांपेक्षा चिवट असतो, हे मी प्रवचनात शंभरदा ऐकलं असेल. डॉक्टरच्या खोलीत बसून लोकांच्या चपला बघताना मात्र पहिल्यांदाच पकडली गेले.

गेल्या दशलक्षणात दुसऱ्या दिवशी, उत्तम मार्दवाच्या दिवशी, दुपारच्या स्वाध्यायानंतर मी ही कथा आमच्या बायकांना मराठीत सांगितली. आधी सगळ्या हसल्या. पुस्तक फेकल्यावर तर फारच. शेवट सांगितला तशी शांतता झाली. मग आमच्यातल्या सगळ्यात वडील अक्का चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "माझ्यावर अजून कुणी पुस्तक फेकलं नाही गं बाई. सुनेच्या मनात असेल बघ." त्या दिवशी उत्तम मार्दवावर ह्यापेक्षा चांगलं कुणी बोललं नाही.

आता दोष सांगते. कौतुक करून उठून गेले तर मीही मिसेस टर्पिनच.

पहिला दोष हिंसेचा. ओ'कॉनरची सगळ्यात गाजलेली कथा 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड'. एक बडबडी, आपमतलबी आजी, तिचा मुलगा, सून आणि तीन नातवंडं सहलीला निघतात. तुरुंगातून पळालेला खुनी त्यांना गाठतो. एकेकाला झाडीत नेऊन मारलं जातं. शेवटी आजी एक क्षण शहाणी होते, त्या खुन्याला आपलं लेकरू समजून हात लावते, आणि तोही तिला गोळ्या घालतो. वाचकानं प्रेतांकडे बघू नये, कृपेच्या त्या क्षणाकडे बघावं, असा लेखिकेचा आग्रह होता. मला नाही जमलं. एका म्हातारीला एक क्षण जाग यावी म्हणून पाच जीव? त्यात एक तान्हं. मुंगी दिसली तर पाय उचलून घ्यायला शिकलेली मी, हा हिशेब कसा मान्य करू? न मानणाऱ्या वाचकाला जागं करायला मोठ्यानं बोलावं लागतं, हे तिचं म्हणणं समजतं. पण 'रेव्हेलेशन'मध्ये एका पुस्तकाच्या माऱ्यात जे साधलं, त्याला बंदूक लागली नाही. म्हणून मला ती कथा मोठी वाटते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ओ'कॉनरच्या पत्रांत काळ्या लोकांबद्दल तुच्छतेचे उल्लेख आहेत. 1959 मध्ये जेम्स बाल्डविन ह्या मोठ्या काळ्या लेखकाची भेट घडवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा जॉर्जियात ते शक्य नाही म्हणून तिनं नकार दिला. 2020 मध्ये मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठानं एका इमारतीला दिलेलं तिचं नाव काढून टाकलं. काहीजण म्हणाले, बरं झालं. काहीजण म्हणाले, कथा वाचा, कथेत तर ती उतरंड तिनंच मोडली आहे. मला दोन्ही पटतं. 'रेव्हेलेशन'मध्ये ती कथा आपल्या लेखिकेपेक्षा शहाणी झाली आहे. पण तीच कथा परत वाचताना मी शेतावरच्या काळ्या मजूर बायांपाशी थांबले. मालकिणीला मार बसला म्हटल्यावर त्या तिची भरमसाट स्तुती करतात. ही पोकळ खुशामत आहे हे लेखिकेला कळतं, मालकिणीलाही कळतं. पण ट्रकमधून घरी जाताना त्या बाया आपापसांत काय बोलल्या असतील? तिथं कथा जात नाही. त्यांना आकाशातल्या रांगेत पुढची जागा मिळते, कथेत नाही मिळत. धर्मावर एवढी श्रद्धा, नजर एवढी तीक्ष्ण, तरी आपल्याच अंगणातला एक कोपरा तिला दिसला नाही. तो दाखवला पुढच्या काळच्या वाचकांनी. त्यांतले बरेच तिचा देव न मानणारे. म्हणून त्या वाचकाला मी आता नुसता कंटाळलेला गिऱ्हाईक समजत नाही. त्याचंही ऐकायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्न नाही असं कुणी म्हणू नये. 2020 मधल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हाही विरोधाचे सूर निघालेच. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाच्या झग्याकडे लोकांचं लक्ष आधी गेलं, पुस्तकांकडे नंतर. थोड्या संख्येच्या धर्मातल्या लेखकाला हे ओझं कायमचं. त्याच्याकडे एक माणूस म्हणून कुणी बघतच नाही, तो सगळ्या समाजाचा वकील ठरतो. आणि मग त्याचा समाजही त्याला सांगतो, वकिली नीट कर.

पण वकिली हे आपल्या जुन्या ग्रंथांचं काम नव्हतं. अंजन चोराची गोष्ट आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकली आहे. सम्यक्त्वाच्या पहिल्या अंगाचं, निःशंकित अंगाचं, उदाहरण म्हणून समंतभद्राचार्यांनी कुणाला घेतलं? एका चोराला. वेश्येच्या नादानं हार चोरणाऱ्या माणसाला. मंत्र मिळालेला सज्जन माणूस झाडाखालची शस्त्रं बघून शिंक्यात चढायला कचरतो, आणि चोर एका घावात सगळ्या दोऱ्या तोडतो. आपण ही गोष्ट तीन वाक्यांत सांगून चोराला घाईघाईनं मुनी करून टाकतो. त्याच्या त्या रात्रीवर आपल्यातल्या कुणी कादंबरी लिहिली तर आज समाजाचं मासिक ती छापेल का?

ह्या सगळ्या वाचनानंतर मी कपाटातून माझी कथा काढली. वाटलं होतं, आता दोन्ही संपादकांना दाखवून देऊ. वाचली, आणि तोंड उतरलं. संपादकांची कारणं चुकीची होती, पण कथाही कच्ची होती. काकूंची काजळाची रेघ मी बारकाईनं लिहिली होती. ती रेघ बघणारी, मनात टिपून ठेवणारी, नात्यातली शिकलेली मुलगी कथेत निर्मळ होती. तिच्या मनात कधी काही वाईट येतच नव्हतं. मी तिच्या खुर्चीत बसून काकूंच्या चपला बघत होते. ग्रीन असते तर त्यांनी मलाही त्या तुरुंगाच्या खोलीत बसवलं असतं, तक्रार करणाऱ्या बाईशेजारी. आणि मागच्या अंगणात भांडी घासणारी एक बाई कथेत तीनदा येऊन गेली होती. तिला मी नावही दिलं नव्हतं.

काकू आता नाहीत. त्यांच्या सुनेला परवा विचारलं, की तू त्यांना कधी माफ केलंस का. ती म्हणाली, "माफ कसलं? दहाव्या उपासाच्या रात्री त्यांना चक्कर यायची तेव्हा मीच धरून बसायचे. त्या माझा हात सोडायच्या नाहीत." हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्या घरी रात्री कधी राहिलेच नव्हते.

कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. उपास सगळे तसेच ठेवले आहेत, तिथींसकट. भांडीवालीचं नाव विचारायला परवा मुद्दाम जाऊन आले.